भिंतीपलीकडची भूक

माझी थोरली तेव्हा अकरा दिवसांची होती. आज ती स्वतः आजी आहे, पण ती खोली मला अजून जशीच्या तशी दिसते: भिंतीला लावलेली खाट, उशाशी दुपट्यांची चळत. त्या घरात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो, शेजारी कोण ते अजून माहीत नव्हतं. पोरीचं वजन वाढायचं सोडून घटत होतं. शुक्रवारपर्यंत वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल, असं घरी येणाऱ्या नर्सनं बजावलं होतं.

"दूधच नाही हिला," सासूबाई म्हणायच्या. "नुसती अंगानं भरलीय."

दूध होतं. पण पोर तोंडात धरायची, दोनदा ओढायची आणि किंचाळून सोडून द्यायची. भेगांनी माझा जीव जायचा. आणि रोज दुपारी भिंतीपलीकडे शेजारचं बाळ रडायला लागलं, की मला पान्हा फुटायचा. परक्याच्या लेकरासाठी! लाजेनं मी छातीशी फडकं दाबून धरायचे आणि रडणं थांबल्यावर मगच माझी पोर उचलायचे.

गुरुवारी नर्स नेमकी त्याच वेळी आली. समोर बसून पाहत राहिली.

"फडकं कशाला दाबतेस?"

"शेजारचं बाळ रडतंय ना, म्हणून वाहतंय."

तिनं भिंतीकडे पाहिलं. "तुलाही ऐकू येतं?"

"म्हणजे?"

"ते घर दोन वर्षं बंद आहे, बाळा. तिथल्या बाळासाठी मला फार उशिरा बोलावलं होतं."

मी भिंतीपासून खाटेच्या कडेला सरकले.

"घाबरायचं नंतर बघू. आत्ता पान्हा आलाय, तो वाया घालवू नकोस. तुझ्या पोटाला तिचं पोट लाव. नुसतं टोक देऊ नकोस, तोंड मोठं उघडू दे... हं, आता घे जवळ."

दुखलं नाही. पोर गटागटा गिळू लागली. पलीकडचं रडणं वाढत गेलं, अगदी माझ्या पाठीशी आलं. मी मान वळवली नाही.

"थांब रे राजा," मी म्हटलं, "आधी हिचं होऊ दे."

शुक्रवारी काटा चढला. सासूबाईंनी दोनदा वजन करायला लावलं, मग म्हणाल्या, "मी म्हणतच होते, दूध भरपूर आहे."

मी पोरीला खांद्यावर घेऊन पाठ थोपटत राहिले. ती केव्हाच झोपली होती. ढेकर भिंतीपलीकडून आला.