आठाचे चार

ऑपरेशन होऊन पाचवा आठवडा संपत आला होता, तरी सिस्टरांची झोप काही घरी परत आली नव्हती. बाकी सगळं आलं. कमरेचा पट्टा आला, कमोडची खुर्ची आली, पायाखाली घ्यायच्या तीन उशा आल्या, भेटायला येणारी माणसं तर रांगेनं आली आणि प्रत्येकानं आपापल्या ओळखीतल्या बिघडलेल्या मणक्याची एकेक गोष्ट सांगितली. झोप तेवढी आली नाही. टाके काढताना कुणी तीही काढून टाकली की काय, अशी सिस्टरांना आता शंका यायला लागली होती.

सिस्टर हे काही त्यांचं नाव नव्हे. पण हाडांच्या वॉर्डात सत्तावीस वर्षं काढल्यावर माणसाला दुसरं नाव उरत नाही. नवरासुद्धा त्यांना सिस्टरच म्हणायचा, आधी चेष्टेनं आणि मग सवयीनं. आणि आता त्याच वॉर्डात, त्याच डॉक्टरांच्या हातून, त्यांच्या कमरेत सहा स्क्रू बसले होते.

उताणं झोपा नाहीतर कुशीवर, आणि वळताना खांदे, कंबर, गुडघे सगळं एकदम, ओंडका वळवतात तसं. हे सिस्टरांनीच हजारो पेशंटना सांगितलं होतं. ओंडक्याला झोप लागते का, हे मात्र कधी कुणाला विचारलं नव्हतं. उताणं पडलं की अर्ध्या तासात स्क्रूंच्या जागी आतून कुणीतरी अंगठा रोवून बसल्यासारखं व्हायचं. डाव्या कुशीवर वळलं की पोटरीत मुंग्या. उजव्या कुशीवर वळलं की समोर नवऱ्याचं उघडं तोंड.

नवरा बस चालवायचा. पहाटेची पहिली गाडी त्याची, त्यामुळे रात्री साडेनऊला उशीला डोकं टेकलं की विषय संपला. लग्न झाल्यापासून सिस्टरांना त्याच्या या गुणाचं कौतुक होतं. आता त्याचं घोरणं सुरू झालं की त्यांच्या डोक्यात तिडीक जायची. हा माणूस शेजारी असा निवांत पडतोच कसा? एकदा तर त्याच्या बरगडीत कोपर मारावं असं फार मनात आलं. पण कोपर मारायला कंबर वळवावी लागते, म्हणून तेही राहिलं.

दिवसा झोपावं म्हटलं तर वरच्या घरात फरशीचं काम निघालेलं. आणि घरात नणंदबाई. नवऱ्याची ही थोरली बहीण मदतीला म्हणून आली होती आणि मदत खरंच करत होती, त्याबद्दल वाद नाही. स्वयंपाक, कपडे, पट्टा बांधून देणं, सगळं तिच्यावर. पण तिला झोप या विषयातलं सगळं कळायचं. तळपायाला तेल चोळ, गरम दूध घे, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव, हजारापासून उलटे आकडे मोज. सिस्टरांनी एका रात्रीत तीन वेळा हजारापासून शून्यापर्यंत मोजलं. झोप आली नाही, उलटे आकडे मात्र तोंडपाठ झाले. सकाळी हे सांगितलं तर नणंदबाई म्हणाल्या की तू मन लावून मोजलं नसशील.

त्याच दुपारी सिस्टरांच्या हातून चमचा खाली पडला. वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, आणि चमचा पायापासून वीतभर अंतरावर. त्या त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि हुंदके देऊन रडल्या. वॉर्डात डोळ्यांसमोर माणसं गेली तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या. नणंदबाईंनी चमचा उचलला, धुतला, जागेवर ठेवला आणि म्हणाल्या, अगं, चमच्यासाठी कुणी रडतं का. सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऑपरेशनपासून त्या तळपायाला धड स्पर्श कळत नव्हता, तरी आग बरोबर गेली.

घरी सोडताना हॉस्पिटलनं एक तक्ता दिला होता. सकाळ-संध्याकाळ दुखणं किती ते शून्य ते दहामधल्या आकड्यात लिहायचं, आणि झोप किती तास लागली तेही. कागद भरण्यात सिस्टरांचा हात धरणारं त्या हॉस्पिटलात कुणी नव्हतं. त्यांच्या वॉर्डातले तक्ते इतके नीट असायचे की डॉक्टर ते दुसऱ्या वॉर्डांना नमुना म्हणून दाखवायचे.

आणि त्या वॉर्डाची एक रीत होती. ती कुठं छापलेली नव्हती. सिस्टर नवीन लागल्या तेव्हा त्यांच्या वरच्या सिस्टरनी त्यांना सांगितली आणि पुढं त्यांनी आपल्या हाताखालच्या प्रत्येकीला सांगितली. पेशंट आठ म्हणाला की चार लिहायचे. माणसं वाढवून सांगतात. आठ लिहिले की जड गोळी येते, गोळीच्या गुंगीत पेशंट बाथरूमला जाताना पडतो, आणि मग निस्तरायचं कुणी? तेव्हा निम्मे. झोपेचंही तसंच. रात्री बॅटरी घेऊन फेरी मारायची, डोळे मिटलेले दिसले की माणूस झोपला.

ही रीत सिस्टरांच्या अंगात एवढी मुरली होती की स्वतःचा तक्ता भरतानाही त्यांनी तीच लावली. सकाळी कंबर आठ म्हणायची. चल, नाटकं पुरेत, असं तिला मनातल्या मनात दटावून सिस्टर चार लिहायच्या. नऊ असले तरी चारच, कारण दुखण्याच्या रकान्यात अर्धा आकडा बसत नाही. रात्री दीड तास झोप लागली आणि चार तास नुसते डोळे मिटून पडल्या, तर झोप साडेपाच तास. आपण काही खोटं लिहितोय असं त्यांच्या मनाला शिवलंही नाही. उलट पान किती स्वच्छ दिसतंय म्हणून जरा बरंच वाटायचं.

त्यांची सगळी भिस्त होती सहाव्या आठवड्याच्या तपासणीवर. ती दीड तासाची झोपही एका जड गोळीच्या जोरावर यायची, आणि त्या गोळ्या आता सहा उरल्या होत्या. डॉक्टरांच्या सहीशिवाय त्या मिळत नाहीत. रजाही पुढच्या सोमवारी संपत होती. डॉक्टर आपला चेहरा बघतील, गोळी वाढवून देतील, रजा वाढवून देतील, आणि आपण घरी येऊन एकदाचं झोपू. सहा दिवस त्यांनी या एका विचारावर काढले.

तपासणीच्या दिवशी नवऱ्यानं पाळी बदलून घेतली. टॅक्सीत सिस्टर पुढची सीट आडवी करून पडल्या आणि तो मागं बसून टॅक्सीवाल्याला प्रत्येक गतिरोधकाच्या आधी सूचना देत राहिला. टॅक्सीवाल्यानं शेवटी विचारलं की साहेब, तुम्हीच चालवता का. नवरा खरंच पुढं यायला निघाला होता. चाळीस मिनिटांचा रस्ता संपला तेव्हा सिस्टरांच्या कपाळावर घाम आला होता.

तपासणीची खोली वॉर्डाला लागूनच होती. सिस्टर रजेवर असल्यापासून वॉर्डाची जबाबदारी एका दुसऱ्या सिस्टरकडे होती, बारा वर्षं यांच्याच हाताखाली काम केलेली. ती धावत आली, हाताला धरून यांना खुर्चीत बसवलं, तुमच्याशिवाय वॉर्ड सुना वाटतो म्हणाली. मग कागद घेऊन तिनं विचारलं की आत्ता दुखणं किती. सिस्टर म्हणाल्या, आठ. तिनं चार लिहिले.

तिचं पेन जराही अडखळलं नाही. सिस्टर त्या चाराकडे बघतच राहिल्या. हिच्या हातातून पेन हिसकावून घ्यावं आणि ओरडून सांगावं की अगं बये, मी आठ म्हणाले, तुला ऐकू येत नाही का, असं त्यांना वाटलं. पण ओरडणार कोणत्या तोंडानं?

डॉक्टर आले ते खुशीतच. कमरेचा एक्स-रे उजेडाला धरून त्यांनी नवऱ्याला स्क्रू दाखवले, कसे सरळ बसलेत बघा म्हणाले. मग तक्ता हातात घेतला आणि वरून खाली बोट फिरवलं. चार, चार, तीन, चार. झोप पाच, साडेपाच. चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, पाहायची गरजच नव्हती. जड गोळी आजपासून बंद, साधी गोळी लागली तर घ्या, आणि सोमवारपासून बसून करायच्या कामावर या, असं सांगून त्यांनी लिहायला कागद ओढला.

"सर, दुखतं हो," सिस्टर म्हणाल्या. "झोप लागत नाही मला."

डॉक्टर हसले. "सिस्टर, पेशंट या खोलीत आला की घाबरून वाढवून सांगतो. तक्ता घाबरत नाही. हे मला तुम्हीच शिकवलंत. अकरा वर्षं तुमच्या आकड्यांवर गोळ्या लिहितोय मी, एकदाही फसलो नाही."

सिस्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. गोळी नाही म्हणजे तो दीड तासही नाही. नवऱ्याला ते कळलं आणि तो मध्ये पडला. म्हणाला, डॉक्टरसाहेब, तक्ता भरताना हिची काहीतरी चूक झाली असेल, किती झालं तरी दुखण्यातलं माणूस आहे. डॉक्टरांनी मान वर केली. असं असेल तर प्रश्नच नाही, ते म्हणाले, तक्ता चुकला असला तर नवीन भरू आणि गोळी लगेच लिहून देतो. हो म्हणायचं, एवढंच काम होतं. हो म्हटलं की गोळी, रजा आणि झोप.

सिस्टर हो म्हणणारच होत्या. तेवढ्यात त्या दुसऱ्या सिस्टरनं वॉर्डातल्या आजच्या तक्त्यांचा गठ्ठा सहीसाठी टेबलावर ठेवला. अठरा बेडचे अठरा कागद. सगळ्यात वरच्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, दुखणं तीन, झोप शांत. ते अक्षरही सिस्टरांनीच घटवून घेतलेलं. त्या कागदामागच्या माणसाला त्यांनी पाहिलं नव्हतं. पण तो रात्री छताकडे बघत पडला असणार, आणि बॅटरीचा उजेड आला की सिस्टर रागावतील म्हणून डोळे मिटत असणार, हे त्यांना पक्कं कळलं. सहा आठवडे त्या तेच करत होत्या. सत्तावीस वर्षांत असे किती जण झाले असतील, हे त्यांच्यानं मोजवेना.

"चूक नाही झाली," त्या म्हणाल्या. "आठ होते. मी चार लिहिले. वॉर्डात लिहितो तसे."

"वॉर्डात लिहितो तसे म्हणजे?"

"पेशंट सांगतो त्याच्या निम्मे."

"कोणत्या पेशंटचे?"

"सगळ्यांचे, सर. मी लागल्यापासून."

नवरा कधी बायकोकडे तर कधी डॉक्टरांकडे बघत होता. डॉक्टरांनी त्या दुसऱ्या सिस्टरकडे पाहिलं, तशी तिनं मान खाली घातली. त्यांनी गठ्ठ्यातला वरचा कागद उचलला आणि अगदी हळू आवाजात विचारलं की काल मी या माणसाची गोळी बंद केली, तो किती म्हणाला होता. ती म्हणाली, सात.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते सिस्टरांना एक शब्दही बोलले नाहीत. ते रागावले असते, चार शब्द सुनावले असते तर सिस्टरांना सोसलं असतं. त्यांनी अठराच्या अठरा कागद उचलले, उठले आणि वॉर्डात निघून गेले. दुसरी सिस्टर त्यांच्यामागं धावली. गोळी लिहायला ओढलेला सिस्टरांचा कागद टेबलावर तसाच राहिला, वर फक्त तारीख घातलेली.

एका वेळी वीस मिनिटांच्या वर बसायचं नाही, अशी सिस्टरांना ताकीद होती. पंचवीस झाली होती. अंगठा रोवून बसलेला तो आतला माणूस आता दोन्ही हातांनी दाबत होता आणि डावा पाय खुर्चीखाली कुठं आहे तेही कळत नव्हतं. उघड्या दारातून डॉक्टरांचा आवाज येत होता. ते प्रत्येक बेडपाशी थांबून विचारत होते, किती दुखतं, झोप लागली का, आणि उत्तर येईपर्यंत थांबत होते. पहिलं उत्तर ऐकू आलं नाही. दुसरा एक म्हातारा आवाज होता. तो म्हणाला, खरं सांगू का, नऊ.

नवऱ्याच्यानं बायकोचा चेहरा बघवेना. मी त्यांना बोलावून आणतो, म्हणत तो उठला. एक सही तर करायची आहे, त्याला किती वेळ लागतो, त्यानंतर त्यांनी दिवसभर विचारत बसावं.

"बसा हो तुम्ही," सिस्टर म्हणाल्या. "अठरा जण आहेत. त्यांचं होऊ दे आधी."

"आणि तुझं काय?"

सिस्टरांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"माझे आठ आहेत," त्या म्हणाल्या. "ते कुठं जात नाहीत."