धोंडबाचं नववं प्रकरण

धोंडबाचं हस्तलिखित वाचतानाच नववं प्रकरण चारुशीलाच्या मनात रुतलं होतं. धोंडबा सावनेरकडच्या कोळसा खाणीत तीस वर्षं राबलेला माणूस. छत तडकल्याचं सांगूनही साहेबानं कामगारांची पाळी खाली पाठवली आणि चौघं वर आलेच नाहीत, हे त्यानं त्यात साहेबाच्या नावानिशी लिहिलं होतं. नागपूरच्या प्रकाशन संस्थेत संपादनाचं काम चारुशीलाकडे होतं. तिनं शुद्धलेखन तेवढं सुधारलं आणि मजकूर अक्षरजुळणीला दिला.

पहिलं प्रूफ आलं त्याच आठवड्यात अनोळखी माणसाचा फोन आला. एकशे बाराव्या पानावरचं साहेबाचं नाव गाळलं तर बरं होईल, असं तो मऊ आवाजात म्हणाला. प्रूफ तर तिच्याशिवाय दोघांनीच पाहिलं होतं, जुळणी करणाऱ्या प्रेमिलानं आणि मालक भैयाजींनी.

दुसऱ्या प्रुफात ते नाव नव्हतं. तिनं लाल शाईनं पुन्हा लिहिलं. तिसऱ्यात नववं प्रकरणच नव्हतं. दहाव्याला नऊ आकडा देऊन पानं सलग लावली होती. प्रेमिला स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, भैयाजींना विचार.

भैयाजींनी एक कागद पुढं सरकवला. "लेखकानंच काढाले सांगतलं. ही पाह्य त्याची सही."

सही धोंडबाचीच होती, पण अक्षर थरथरलेलं.

त्याचा फोन लागेना. दुपारच्या बसनं चारुशीला सावनेरला गेली. धोंडबाची बायको रुखमाबाई दारातच उभी होती. परवा दोघं जण गाडी घेऊन आले, प्रकाशकाकडचे आहोत म्हणाले, सही पाहिजे म्हणून त्याला पुस्तकाच्या कच्च्या वहीसकट घेऊन गेले, असं तिनं सांगितलं.

"तुमच्याच हापिसात हायेत नं ते, बाई?"

चारुशीलानं नाही म्हणून मान हलवली. तेवढ्यात भैयाजींचा मेसेज आला, फाईल छपाईला गेली.

दोघी पोलीस ठाण्यात गेल्या. चारुशीलानं पिशवीतलं पहिलं प्रूफ टेबलावर ठेवलं. हवालदार वाचू लागला. साहेबाच्या नावाशी त्याचं बोट थांबलं. मग तो उठून आतल्या खोलीत गेला आणि दार लावून कोणाशी तरी फोनवर हळू आवाजात बोलू लागला.

दार उघडायच्या आत चारुशीलानं त्या पानांचे फोटो काढून ओळखीच्या दोन वार्ताहरांना पाठवले. दुसऱ्या दिवशी खाणीची बातमी छापून आली. धोंडबाचा पत्ता मात्र कोणालाच लागला नाही.