यादीतलं चौथं नाव

मित्रांनो, मी विद्यापीठाच्या ग्रंथालयातला एक जुना स्कॅनर आहे. कारखान्यातून आलो तेव्हा माझी काच कशी लखलखत होती! पहिल्या दिवसापासून मला सांभाळलं ते इथल्या मदतनीस मावशींनी. बारा वर्षं त्या एकेक पान माझ्या काचेवर ठेवत आल्या. आम्ही दोघांनी मिळून चार हजार प्रबंध संगणकात पोहोचवले. पाहुणे आले की माझं कौतुक व्हायचं; मावशींचं नावही कुणी विचारत नसे.

मग नवं यंत्र आलं. ते पानं स्वतःच उलटायचं, मजकूरही स्वतःच वाचायचं. माझ्यावर कापड पडलं. पाठोपाठ वरच्या साहेबांचा आदेश आला: डिजिटल विभागात चारऐवजी तीनच माणसं ठेवा, नावं सोमवारी बारापर्यंत कळवा.

सोमवारी साडेअकरा वाजले तरी ग्रंथपालबाईंचा कागद कोराच होता. फोन दोनदा वाजून थांबला. कुणाचं नाव गळणार, हे मावशींना न सांगताच कळलं होतं. तरी त्या नव्या यंत्राने वाचलेली पानं मूळ प्रबंधाशी ताडून बघत बसल्या होत्या. एकाएकी त्यांचं बोट थांबलं.

“बाई, हे बघा. लहान मुलांच्या औषधाचं प्रमाण अडीच आहे. यंत्राने पंचवीस वाचलंय. मधलं टिंबच खाल्लं!”

संगणक अभियंता धावत आला. पडदा बघून त्याचा चेहरा उतरला. “हे आज दुपारी सगळ्यांना खुलं होणार होतं.”

“मावशी, लगेच दुरुस्त करा,” बाई म्हणाल्या.

मावशींनी मान खाली घातली. “चूक दिसते मला. पण संगणकावर दुरुस्त करता येत नाही. कधी कुणी शिकवलंच नाही.”

फोन पुन्हा वाजला. या वेळी बाईंनी तो उचलला.

“साहेब, नावं चारच राहतील. यंत्र आणलं, पण त्याचं काम तपासणार कोण, हे मी ठरवलंच नव्हतं. चूक माझी. तीन महिने द्या, मावशींना तयार करते. नाही जमलं, तर माझं नाव कापा.”

माझी तर काच तडकते की काय असं झालं. अखेर पलीकडून आवाज आला, “तीन महिने. वर एक दिवस नाही.”

अभियंत्याने खुर्ची पुढे ओढली. “बसा मावशी. आधी हे टिंब.”

मावशी अडखळल्या, एकदा रडल्याही, पण शिकल्या. आज त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही प्रबंध खुला होत नाही. मी मात्र कोपऱ्यात पडून आहे. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, नवी यंत्रं जरूर आणा. पण ती दारातून आत येतील त्याच दिवशी, त्यांच्यापाशी बसणाऱ्या माणसालाही शिकवायला घ्या. आणि सवड झाली, तर माझ्या काचेवरून एकदा फडकं फिरवा.