काळ्या खोलीतली हळद

सुनीतीचा, म्हणजे माझ्या नणंदेचा, इथल्या कोलकात्यातल्याच गार्डन रीचहून फोन आला तेव्हा मी कैरी किसत होते.

"वहिनी, यंदा चैत्रगौरीचं हळदीकुंकू तुमच्याकडे करू या ना! तुमचा हॉल मोठा, बेहालाला मेट्रोही झाली. आंब्याची डाळ आणि पन्हं तर तुमच्याच हातचं हवं."

मी खूश झाले. मूर्खासारखी! पुढे तिने आवाज उतरवला. "फक्त बायका येतील तेव्हा तुम्ही जरा आत बसा हं. दादा गेल्यापासून... म्हणजे, तुम्हाला कळतंय ना?"

न कळायला काय झालं? घर माझं, कैऱ्या माझ्या, आणि मी आत! तोंडाने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवून सगळा राग किसणीवर काढला. बोट सोललं जायचं तेवढं राहिलं.

मग तरातरा आभाच्या खोलीत शिरले, सुनीतीच्या नावाने खडे फोडायला. आभा माझी मुलगी, फोटोग्राफर. मागच्या खोलीच्या खिडक्यांना काळा कागद डकवून तिने स्टुडिओ थाटलाय. मॉडेल मुलींच्या अंगावर चमकते रंग रंगवते, दिवे मालवते आणि एकच अल्ट्राव्हायोलेट दिवा लावते. बाकी सगळा अंधार, रंग तेवढे उजळतात. माझे यजमान रघुनाथ होते तेव्हा कौतुकाने त्याला भुताटकी म्हणायचे.

त्या दुपारी मॉडेल आलीच नव्हती. आभा नुसताच दिवा लावून बसली होती. मी दोन वाक्यं बोलले असेन नसेन, ती माझ्याकडे बघतच राहिली.

"आई, तुझ्या कपाळावर काय आहे?"

"कुठे काय?"

तिने खटकन फोटो काढून दाखवला. माझा चेहरा निळसर, विझलेला. आणि भुवयांच्या मधे पिवळाधमक टिळा!

हळद. रोज पूजा झाली की देवीला हळदीकुंकू वाहायचं आणि तेच बोट आपल्या कपाळाला टेकवायचं, ही माझी लग्नापासूनची सवय. रघुनाथ गेले तरी बोट थांबलं नाही. दाराची बेल वाजली की मी पदराने खसाखसा पुसून टाकायचे. आरशात काही दिसायचं नाही. या मेल्या दिव्याला मात्र दिसलं.

"हळद या उजेडात चमकते, आई. माझ्या रंगांपेक्षा भारी," आभा म्हणाली. "पण तू पुसतेस कशाला?"

मला लाज वाटली. आणि मग लाज वाटली म्हणूनच असा संताप आला म्हणून सांगू! कपाळ माझं, देवी माझी, आणि मी चोरासारखी पुसत बसते? कुणाच्या धाकाने?

स्वयंपाकघरातून हळदीचा डबा आणून तिच्यापुढे आदळला. "लाव. तोंडाला, गळ्याला, हातांना, सगळीकडे लाव!"

आभाने तेलात कालवून मला हळदीने माखलं. गालांवर आपल्या केशरी रंगाची नक्षी काढली. "आता चूप करून बस," असं तिच्या बंगाली मराठीत बजावलं. मी बसले. कॅमेऱ्याकडे असे डोळे रोखले, जशी काही समोर सुनीतीच बसली होती.

हळदीकुंकवाच्या दिवशी आभाने तो फोटो मोठा करून, काचेच्या चौकटीत घालून, गौरीच्या झोपाळ्यामागे मांडला. मीही ठरवलं होतं, सुनीती आली की तोंडावर सांगायचं, मी हॉलमध्येच बसणार, पटत नसेल तर डाळ डब्यात घे आणि चालू लाग. वाक्य चांगलं पाठ केलं होतं.

पण बायका आल्या तेव्हा मी नेमकी आत पन्हं ओतत होते. बाहेरून सुनीतीचा आवाज आला, "अगंबाई! आभा, ही कुठली गं देवी? काय तेज आहे चेहऱ्यावर!"

मी दारातून डोकावले. तिने फोटोतल्या कपाळावर काचेवरूनच हळद लावली, कुंकू लावलं आणि हात जोडले. "या गं, आधी हिला लावा," असं बाकीच्या बायकांनाही सांगितलं. आभा ओठ गच्च मिटून उभी होती.

मी पन्ह्याचा ट्रे ठेवला आणि सुनीतीसमोर जाऊन उभी राहिले. पाठ केलेलं वाक्य पार विसरले.

"सुनीती, ती मी आहे."

ती फोटोकडे बघे, माझ्याकडे बघे. हात तसाच वर, बोटाला कुंकू.

"काचेला लावलंसच आहेस, तर इथेही लाव." मी कपाळ पुढे केलं. "मी पुसणार नाहीये."

देवयानी, फोर्ट विल्यममधल्या कर्नलांची बायको, मागून म्हणाली, "लावा की हो सुनीतीताई, पन्हं गरम होतंय."

सुनीतीने लावलं. जरा वाकडंच लागलं. मी तसंच राहू दिलं.