दादाच्या तारा

जमिनीच्या पोटात खोल एक अवाढव्य यंत्र उभं राहत होतं. तिथे कणांची टक्कर व्हायची होती आणि उडणारे कण टिपायला पेट्या हव्या होत्या. त्यातल्या काही एका प्रयोगशाळेच्या वाट्याला आल्या: दारासारख्या लांबरुंद, आत केसाहून बारीक तारा ताणलेल्या. विश्वाचं मूळ शोधायला निघालेल्या या मंडळींना स्वतःचा चहाचा कप कधी सापडायचा नाही, पण तारेच्या बाबतीत एकेक जण कसाई, जराही सूट नाही.

तारा लावायचा दादा. तार कप्पीवरून सोडायची, टोकाला वजन टांगायचं, ती स्थिरावली की श्वास रोखून वितळत्या धातूचा डाख देऊन टोक पक्कं करायचं. त्याची धाकटी बहीण शेजारच्या खोलीत प्रत्येक तारेचा ताण मोजायची. सैल तार खपत नाही, वीज चढवली की ठिणगी पडते. "सख्खी बहीण, पण एक तार सोडत नाही माझी," दादा कौतुकाने सांगायचा.

शेवटच्या पेटीच्या वेळी त्याचा हात थरथरायला लागला. त्याने तिला बाजूला घेतलं. "माझा हात चळला की मला सांगायचं. मी मुकाट्याने उठेन. पण सांगायचं."

तिने मान डोलावली. दुसऱ्याच दिवशी चार तारा सैल निघाल्या आणि तिची जीभ काही रेटेना. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तिने त्या काढल्या, स्वतः नव्या लावल्या. सैल तारा वाढत गेल्या, तशी ती रोजच लवकर येऊ लागली. दादा विचारायचा, "काय म्हणतायत तारा?"

"झकास," ती म्हणायची. आंधळी माया, दुसरं काय!

पेटी गेली, यंत्रात बसली, वर बाकीचं यंत्र चढलं. आता वर्षानुवर्षं तिथे कुणाचा हात पोचणार नव्हता. दादा निवृत्त झाला आणि भेटेल त्याला ऐकवू लागला, की शेवटचं काम सगळ्यात चोख उतरलं.

आणि एक दिवस बातमी आली. त्या पेटीतली एक तार डाखातून निसटली होती. विजेच्या त्याच लाइनवरच्या शेजारच्या पेट्याही बंद ठेवाव्या लागल्या, त्या दुसऱ्या प्रयोगशाळांनी जीव ओतून केलेल्या होत्या.

ती घरी पोचली तेव्हा दादा खिडकीपाशी बसला होता.

"मीच घाण केली गं," तो म्हणाला. "लोकांच्याही कष्टांवर पाणी पाडलं. माझाच हात."

गप्प राहिली असती तर निभावलं असतं. पण आपलं पाप त्याच्या माथी कसं मारायचं?

"दादा, ती तार तुझी नव्हती. माझी होती." आणि तिने सगळं सांगून टाकलं.

तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"त्या पेटीत माझ्या किती राहिल्या?"

"एकही नाही. एकेक करून सगळ्याच बदलाव्या लागल्या."

दादाने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आधीच्या पेट्यांमधल्या? त्या तरी माझ्याच ना?"

"सगळ्या तुझ्याच, दादा. तुझी शपथ."

हे अक्षर न् अक्षर खरं होतं. दादाने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि लहान मुलाची समजूत घालावी तसा हळूच म्हणाला, "असतील."