डावा खांदा, उजवा खांदा

मी किसनसिंगच्या तंबू टॉकीजचा पडदा बोलतोय. म्हणजे होतो पडदा. आता काय झालोय, ते शेवटी सांगतो.

घाटंजीच्या कापसाचा मी, विणला गेलो नागपूरच्या गिरणीत. किसनसिंगनं कापडाचे चार पन्हे जोडून, कडेनं दोरी ओवून मला तंबूच्या मधोमध टांगलं. हो, मधोमध! पुढं मशीन आणि माणसं, मागं बाया. खेळाआधी माझ्यावर बादलीभर पाणी मारत, म्हणजे उजेड आरपार जाई आणि चित्र दोन्हीकडे उमटे. बायांकडे मात्र उलटं, आरशातल्यासारखं. अक्षरंही उलटी दिसत, पण मागं बसणाऱ्यांत वाचणारं कोण होतं? घोडा इकडून तिकडे पळाला काय आणि तिकडून इकडे काय, कोणाचं काही अडलं नाही.

मला पिक्चर कधी दिसला नाही. तो माझ्या अंगावर असायचा. मला दिसायची पाहणाऱ्यांची तोंडं. पहिलं वर्षभर मीही त्यांच्यासंगं हसलो, रडलो. मग रोज तेच मरण आणि रोज तेच लग्न. अंग बधिर झालं. खोटं कशाला बोलू?

एकसष्टच्या हिवाळ्यात किसनसिंगनं 'काळगडचं जनावर' आणलं. जुन्या राजाच्या काळातली गोष्ट. गडावर एक जनावर रोज एक माणूस फाडतं. सैन्य हात टेकतं. मग एक तरणा सरदार मुडदे तपासतो आणि गरजतो, "घाव सगळे उजव्या खांद्यावर! हे जनावर नव्हे, लोखंडी पंजा घातलेला माणूस आहे, आणि तो डावखोरा आहे!" निघतो कोण, तर खुद्द दिवाण.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मतं काय, पायलीची पन्नास! कापसाच्या वावरांचे मालक पुंडलिकराव म्हणाले, "तलवारबाजी झकास. पण ते जनावर म्हणजे घोंगडं पांघरलेला माणूस, राजेहो! आमच्या वावरातलं रानडुक्कर त्याहून भेव दाखवते." जमनाबाई कापूस वेचणारी, तिचं मत तिखट. "दिवाण तर मले पहिल्या झटक्यात समजला. मिशाच चोराच्या! पण पिक्चरवाल्याले डावं-उजवं समजत नाही काय? म्हणते उजवा खांदा, अन् दाखवते डावा!"

"उजवाच दाखवला," माणसं हसली. "बायांची अक्कल चुलीपाशी!"

किसनसिंगला कारण ठाऊक होतं. दोन शब्दांत सांगता आलं असतं. त्यानं भोंगा उचलला आणि बैलबंडीतून बाजारभर ओरडत फिरला, "माणसांना उजवा दिसला, बायांना डावा! काय आहे हा चमत्कार? या हो, या!" तंबू फाटेस्तोवर भरला.

त्या बायांत तुळसाबाई होती. तिची कथा मी खेळाआधीच्या कुजबुजीतून ऐकली. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर तिचा नवरा मारोती आणि धाकटा दीर फकिरा यांनी गावची मेलेली ढोरं ओढणं सोडलं. पोटासाठी दोघं जंगलात लाकडं तोडायला जाऊ लागले. एके दिवशी फकिरा एकटाच बोंबलत आला, "दादाले वाघानं धरलं!" लोक गेले, तर मारोती पडलेला, डावा खांदा फाटलेला. वाघ फकिराशिवाय कोणीच पाहिला नव्हता. त्याला आता तीन वर्षं झाली होती. तिचं घर मग फकिरानंच सांभाळलं. सरपण आणायचा, छप्पर शाकारायचा, भाकर दाराबाहेर बसून खायचा. कुऱ्हाड मात्र डाव्या हातानं चालवायचा. डावखोरा होता.

तुळसाबाईच्या कानांनी 'डावखोरा' ऐकलं. डोळ्यांनी डावा खांदा पाहिला. बाकीच्या बाया किंचाळत होत्या. हिच्या तोंडावरची रेष हलली नाही. तिनं स्वतःच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला, तो खेळ संपेपर्यंत काढला नाही. लागोपाठ तीन दिवस आली आणि तिन्ही दिवस तशीच बसली.

अहो, डावखोरा समोरून मारेल तर घाव उजव्या खांद्यावर बसतो, हेच तर तो सरदार सांगत होता! मारोतीचा घाव डावा. त्या पिक्चरच्याच न्यायानं फकिरा सुटत होता. पण हे पुढच्या बाजूनं पाहणाऱ्यालाच कळणार.

चौथ्या दिवशी तिनं फकिराला पिक्चर पाहायला धाडलं. तो पुढं बसला. खेळ संपल्यावर ती माझ्या मागच्या बाजूला उभी होती, तो माझ्या कडेशी आला.

"वयनी, तुमच्या मनात काय आहे ते समजलं मले. पण ते घाव उजव्या खांद्यावर होते. दादाचा डावा होता."

"पिक्चरमधीबी डावाच होता."

"उजवा, वयनी! माह्या डोळ्यानं पाह्यला."

"मी तीनदा पाह्यला, माह्या डोळ्यानं." मग ती थंडपणे म्हणाली, "फकिरा, तू खोटं बोलून राह्यला."

आजवर ती त्याला 'भाऊजी' म्हणत आली होती. ते त्याला लागलं. त्यानं किसनसिंगला हाक मारली, "मालक, सांगा ना! डावा का उजवा?"

"ते सांगितलं तर उद्या पाह्यले कोण येईन?" किसनसिंग हसत रीळ गुंडाळत राहिला.

मला वळसा घालून पुढं यायला तिला आठ पावलं लागली असती. मला तोंड नव्हतं.

सकाळी फकिराची कुऱ्हाड तिच्या दाराला टेकलेली होती. तो वणीकडे, कोळशाच्या खाणीत गेला म्हणतात. वाघ होता की नव्हता, मला माहीत नाही. मी जंगल पाहिलेलं नाही.

पुढं पक्क्या टॉकीजा झाल्या. किसनसिंगनं मला फाडून बाजारात तुकडे विकले. एक तुकडा तुळसाबाईनं घेतला. कापूस वेचताना कमरेला बांधायची ओटी, ते मी आता. कापसाचाच होतो, पुन्हा कापसातच आलो. दुःखही नाही, सुखही नाही.

गेल्या महिन्यात घाटंजीच्या नव्या टॉकीजला तोच पिक्चर पुन्हा लागला. जमनाबाई तिला ओढून घेऊन गेली. तिथं पडदा भिंतीला. माणसं, बाया, सगळे एकाच बाजूला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसाबाईनं मला कमरेला बांधलं. पुंडलिकरावांच्या वावरात दोघी वेचायला लागल्या. जमनाबाई म्हणाली, "पाह्य ना वो, आता खांदा नीट उजवा दाखवला त्यायनं. चूक दुरुस्त केली वाट्टे."

 तुळसाबाईचे हात बोंडावरून बोंडावर चालत राहिले. मी अर्धा भरलो.

बाबांनो, डोळ्यांनी पाहिलं म्हणून भांडता, तेव्हा कुठं बसून पाहिलं तेही एकदा विचारत जा. माझं एवढंच मागणं आहे.

कपाशीची ओळ संपत आली तेव्हा ती थांबली. वणीच्या दिशेला पाहत, कोणालाच ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "उजवा होता, भाऊजी."