सातव्या मुशीतली राख

उझोआमाकाच्या आईचं उक्वाचं झाड पावसाळ्यातल्या वादळात आडवं झालं, आणि चार महिन्यांनी, हवेत हार्मॅटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ भरली तेव्हा आईही गेली. आईची सवत, दा ओयिरी, अंत्यविधीला आलेल्या प्रत्येकाला सांगत होती, "झाड उठेल म्हणून वाट बघितली बाईने. शेवटी कंटाळली."

मागे उरला दूध पावडरीचा एक डबा. त्यात आईने स्वतः धुऊन वाळवलेल्या उक्वाच्या बिया होत्या, जेमतेम चार मुठी. उझोने तो वर्षभर फडताळात ठेवला होता. उघडायची, वास घ्यायची, झाकण लावायची.

उझो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होती. तीस वर्षांपूर्वी काचेची भांडी विसळायला लागली आणि विसळता विसळता बाकीचं बघून बघून शिकली. आता तिच्याशिवाय भट्टी कोणाचं ऐकत नसे. यंदा डॉक्टर केलेचीने सात गावांतल्या उक्वाच्या बियांमध्ये किती लोह, किती जस्त, किती पोटॅशियम नि सोडियम आहे ते मोजायचं काम काढलं. सहा गावांचे नमुने आले. सातव्या गावाची बाई कबूल करून आलीच नाही.

"मी आणते सातवा," उझो म्हणाली, आणि त्या रात्री डबा उघडून वास घ्यायचं तिने टाळलं.

कारण मोजायचं म्हणजे जाळायचं. बी दळायची, मुशीत घालायची, साडेपाचशे अंशांच्या भट्टीत ठेवायची. जे जळतं ते जातं, खनिजं राखेत उरतात. आईच्या हातच्या दोन मुठी ती आपल्याच हाताने राख करायला निघाली होती. पण त्या बदल्यात छापील तक्त्यात एक ओळ मिळणार होती. झाड नव्हतं, आई नव्हती. निदान ती ओळ राहिली असती.

शिवाय एक जुनी फुशारकी खरी करायची होती. उक्वा म्हणजे दोन तासांचं शिजवणं. सगळ्या जणी पातेल्यात आकान्वूचा, सोड्यासारख्या खाराचा, खडा टाकतात. त्या खाराशिवाय ती बी मऊच होत नाही. उझोच्या घरचा उक्वा मात्र अर्ध्या तासात लोण्यासारखा व्हायचा, तोही खडा न टाकता. शेजारणी विचारायच्या तेव्हा ती मान ताठ करून सांगायची, "आमच्या झाडाखालची मातीच वेगळी. खनिजं असतात बाई मातीत." प्रयोगशाळेत काम करणारी बाई सांगतेय म्हटल्यावर कोण वाद घालणार?

बिया दळताना तिला ओढा आठवला. उक्वाचं फळ कोणी तोडत नाही. ते आपणहून पडायची वाट बघायची, आणि तोवर झाडाखाली बसायचं नाही. पडलं की शेळी आदळल्यासारखा आवाज. मग ते कुजू द्यायचं. त्या वासाने पाहुणे दारातूनच परत जायचे. आठवड्याने आई कुजका गर टोपलीत भरायची आणि दोघी ओढ्यावर. गुडघाभर पाण्यात टोपली हलवत राहायचं. गर वाहून जायचा, बिया तळाशी राहायच्या. शाळेत बाकावर उझोच्या शेजारी कोणी बसत नसे. "बसू नका तर नका," आई म्हणायची, "जेवायला येतीलच ना नाकं धरून." आणि यायचेही.

सातही मुशींतली राख आम्लात विरघळली. केलेचीने एकेक द्रावण ज्योतीत सोडायला सुरुवात केली. सहा वेळा निळ्या ज्योतीला पिवळी झाक आली. सातव्या वेळी ज्योत अशी पिवळीधमक पेटली की त्याने खुर्ची मागे घेतली.

"आँटी, तुमच्या मम्माचं झाड समुद्रात होतं का?"

"का रे?"

"सोडियम बघा. बाकीच्यांच्या साठपट! मूस नीट धुतली होती ना?"

"केलेची, तू रांगत होतास तेव्हापासून मी मुशी धुतेय."

"सॉरी मा." तो ओशाळला. आणलेल्या दोन मुठींतून उरलेल्यातलं थोडं तिने पुन्हा दळलं, पुन्हा जाळलं. ज्योत पुन्हा तशीच.

उझोने तबकातल्या सात गावांच्या बिया शेजारी शेजारी मांडल्या. सहा फिकट तपकिरी. सातव्या पिवळसर. हा पिवळा रंग तिने आयुष्यभर इतरांच्या पातेल्यांत पाहिला होता. आकान्वूत शिजलेल्या उक्वाचा रंग. पण या तर शिजलेल्या नव्हत्या.

जेवणाच्या सुट्टीत तिने गावी फोन लावला.

"दा ओयिरी, आई बिया वाळवण्याआधी काही करायची का?"

"म्हणजे? तुला ठाऊक नाही?" पलीकडे म्हातारी खुदकन हसली. "तुझ्या वाट्याच्या बिया वेगळ्या काढायची ती. आकान्वूच्या पाण्यात दिवसभर भिजवायची, मग उन्हात. आम्ही त्याच झाडाच्या बिया दोन दोन तास शिजवत बसायचो! मी म्हटलं, लेकीचे एवढे लाड? तर म्हणते कशी, ती दिवसभर उभी असते गं, घरी येऊन पुन्हा चुलीशी किती उभी राहील?"

उझोने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, कशाला त्रास, मी घालीन खडा. तू घालणार! मीठ घालायला विसरणारी पोरगी."

"ती खार किती घालायची?"

"जिभेला लावून बघायची. आता तिची जीभ कुठून आणू?" मग ओयिरी म्हणाली, "चाळीस वर्षं भांडलो आम्ही. आता भांडायलाही कोणी नाही. ये कधीतरी."

उझो परत आली तेव्हा केलेचीने तोडगा काढून ठेवला होता. "सोडियमच्या रकान्यात रेघ मारू. बाकीचे आकडे ठेवू. लोह तर तुमच्या आईचंच सगळ्यांत जास्त आहे, आँटी!"

सगळ्यांत जास्त. तिने तो आकडा पाहिला. छापला असता तर तिने कापून भिंतीला लावला असता. पण खारात लोहही असतं, चुनाही असतो. आकड्यातलं झाडाचं किती आणि खड्याचं किती, हे आता कोणालाच सांगता आलं नसतं.

"नाही. पूर्ण ओळच काढून टाक," ती म्हणाली.

"पण तुम्हाला तर—"

"काढ म्हटलं ना. झाड मोजायचं होतं. मोजली गेली आई."

नोंदवहीत रद्द नमुन्याचं कारण लिहावं लागतं. उझोने पेन घेतलं. मग लिहिलं: नमुना सात रद्द. बिया कच्च्या नव्हत्या. लेकीसाठी तयार केलेल्या होत्या.

केलेचीने वाचलं आणि खाली सही केली.

घरी येऊन तिने डब्यातल्या उरलेल्या दोन मुठी पातेल्यात ओतल्या, मीठ आठवणीने घातलं, आणि घड्याळ बघितलं. अठ्ठावीस मिनिटं. त्यातला क्षणभरही ती उभी राहिली नाही; स्टूल ओढून चुलीशी बसून होती.